ऊन लागलं होतं म्हणे

“खाण तशी माती” हे वाक्य उमाशंकर सर वर्षातून एकदाच म्हणायचे, आनुवंशिकतेचा धडा सुरू करायच्या दिवशी. लातुरातला क्लास, समोर डॉक्टर व्हायला निघालेली दीडशे पोरं-पोरी आणि फळ्यावर वाटाण्याची दोन रोपं. “ह्या रोपात काय झाकून बसलंय, ते रोपाकडं बघून कळतं का?” सर विचारायचे. पोरं एका सुरात म्हणायची, नाही. “मग कुठं बघायचं?” मागच्या पिढीत, सर! सर खडू ठेवून हात झटकायचे. बावीस वर्षं हाच धडा आणि हाच झटका. आता ज्यानं स्वतःच्या घरातलं एक दुखणं जवळजवळ तीस वर्षं झाकून ठेवलं, त्यानं दुसऱ्यांच्या लेकरांना मागच्या पिढीत बघायला शिकवावं, ह्याला काय म्हणावं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.

सरांचं दुसरं वाक्य मात्र रोजचं होतं. “प्रश्न वाचू नका, प्रश्न काढणाऱ्याला वाचा.” त्याला कोणतं उत्तर पाहिजे ते ओळखा, तेवढंच द्या, मार्क तुमचे. लातूर पॅटर्न म्हणून लोक ज्याला नावाजतात त्यातला हा सरांचा वाटा. एका प्रश्नाचे चाळीस प्रश्न करायचे, चाळीस वेळा घोटून घ्यायचे आणि परीक्षेत एक्केचाळिसावा आला तरी पोराचा हात थांबता कामा नये. ह्या वाक्यावर सरांनी बंगला बांधला होता आणि त्यात वाईट काही नव्हतं.

त्या दिवशी धडा अर्ध्यावर असताना फोन थरथरला. बालाजी सरांचा. बालाजी सर म्हणजे सृष्टीचे कबड्डीचे प्रशिक्षक. सृष्टी ही सरांची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची, नांदेडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. चढाईला गेली की समोरच्या सात जणींच्या तोंडचं पाणी पळायचं. हिमायतनगरला सामने चालू होते.

“सर, घाबरू नका,” बालाजी सर म्हणाले, म्हणजे घाबरण्यासारखंच काहीतरी होतं. “पकडीत पडली. एकीचा गुडघा कानशिलावर बसला. उठली, म्हणाली काही नाही. पण पुढच्या चढाईला ती आपल्याच पोरींवर धावून गेली, सर. मग मी सामना सोडला आणि तिला घेऊन नांदेडला आलो.”

सर मिळेल त्या गाडीनं नांदेडला पोचले. सृष्टी दवाखान्यात पडून होती, डोळ्यांवर ओढणी, खिडकीचा पडदा ओढलेला. डॉक्टर मुग्धा नावाच्या बाई होत्या, मेंदूच्या. खेळाडूंच्या डोक्याच्या माराचा त्या तीन वर्षं अभ्यास करत होत्या. त्यांनी सरांना बाहेर बसवून समजावलं.

“फोटोत काही निघालेलं नाही. हाड मोडलं की फोटोत दिसतं, पण हिच्या मेंदूला हिसका बसलाय आणि हिसका दिसत नाही. तो भरून यायला वेळ लागतो. तो भरायच्या आत दुसरा बसला, अगदी हलका जरी बसला, तरी माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. भीती आहे ती दुसऱ्याची.”

“किती वेळ?” सरांनी विचारलं.

“तिथंच तर घोडं अडतं. एकाच सामन्यात सारखाच मार लागलेल्या दोन पोरी. एक आठवड्यात उड्या मारते, दुसरीला सहा महिने उजेड सोसत नाही. असं का? काही भाग रक्तातून येत असावा, असं काही अभ्यास म्हणतात. एक जनुक आहे, त्याचा एक प्रकार असलेल्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागतो असं दिसलंय. दुसरे अभ्यास म्हणतात, तसं काही दिसत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाची थुंकी तपासायला घेतो आणि घरची हकिकत विचारतो. मला विचाराल तर हकिकत जास्त कामाची.”

त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. प्रश्न साधा होता. रक्ताच्या नात्यात कुणाला डोक्याला मार लागून बरं व्हायला फार दिवस लागले का, किंवा त्यानंतर विसराळूपणा आला का?

“नसेल तर मी नेहमीच्या क्रमानं जाईन. तीन आठवड्यांनी तपासेन, ठीक असेल तर खेळायला सोडेन. असेल तर मात्र मला हात आखडता घ्यावा लागेल. अख्खा मोसमसुद्धा जाईल कदाचित.”

तीन आठवड्यांनी रविवारी लातूरला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. सृष्टी चौथीपासून ह्या एका चाचणीसाठी पहाटे उठत आलेली. सरांनी दाराच्या फटीतून लेकीकडं बघितलं, मग प्रश्न काढणारीला वाचलं, आणि लिहिलं: नाही.

हे धादांत खोटं होतं.

सरांचा थोरला भाऊ बसलिंगप्पा, त्यांचं सगळं मुरुड गाव त्याला बसअण्णा म्हणायचं. तेविसाव्या वर्षी तो पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान होता. एका फडात त्याला उचलून टाकलं आणि डोकं कडेच्या फरशीवर आदळलं. आठ दिवस तो बोललाच नाही. मग बोलायला लागला, पण उन्हात आला की ओकायचा, आणि सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचा. त्याच फडात शेजारच्या गावचा एक पैलवान असाच आपटला होता, तो पंधरा दिवसांत परत शड्डू ठोकत होता. वडील महादेवप्पा, घरात सगळे अप्पा म्हणायचे, मोठे मानी. “आमच्या घराण्यातलं डोकं इतकं कच्चं व्हय?” म्हणत त्यांनी चार महिन्यांत पोराला परत मातीत उतरवलं. ह्या वेळचा मार काहीच नव्हता. नुसता मानेवर पडला, लोक हसलेसुद्धा. पण त्या दिवशी जो बसअण्णा गेला तो परत आलाच नाही.

मग महादेवप्पांची पाचावर धारण बसली. घरात दोन लेकी लग्नाच्या. थोरला वेडसर निघाला म्हटल्यावर ह्या घरात सोयरीक कोण करणार? आज एकाचं डोकं गेलं, उद्या ह्या लेकींच्या लेकरांचं जाईल, असंच म्हणणार लोक. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिन्यांत उदगीरकडच्या एका गावातून गौरम्मा नावाची अठरा वर्षांची पोरगी पाहिली आणि भर एप्रिलात लग्न उरकून टाकलं. पंधरा दिवसांत गौरम्माला कळलंच, नवरा धड नाही. तेव्हा सासरा म्हणाला, मांडवात ऊन लागलं त्याला. आणि सासू म्हणाली, “सोन्यासारखा होता माझा लेक. हिचा पायगुण!”

झालं. ऊन आणि पायगुण. हे दोन शब्द घरानं इतक्या वेळा म्हटले की पुढं ते खरेच झाले. गौरम्मानं गावात पिठाची गिरणी चालवली, नवऱ्याला न्हाऊ घातलं, भरवलं. पण घरात काही शुभ असलं की ती मागं थांबायची. लातूरच्या बंगल्याची वास्तुशांत झाली तेव्हा सगळे आत गेल्यावर ती आली. सृष्टीला तिनं मुरुडला पाच वर्षांची होईपर्यंत वाढवलं, पण पोरगी पहिल्या सामन्याला निघाली तेव्हा मोठी आई आतल्या खोलीत जाऊन बसली, आपलं तोंड दिसायला नको म्हणून. तिला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. आता सांगायची गरजच उरली नव्हती.

आणि उमाशंकर सरांना हे सगळं माहीत होतं. माहीत होतं एवढंच नाही, त्यात त्यांचा हात होता. तो कसा, हे पुढं येईलच.

लेकीला लातूरला आणून सरांनी काय केलं? दुसऱ्या कुठल्या गावच्या बापानं केलं नसतं ते केलं. डॉक्टर बाईंनी सृष्टीची जी चाचणी घेतली होती ती सरांनी दाराशी उभं राहून वहीत टिपून घेतली होती. दहा शब्द ऐकवायचे, लगेच म्हणायला लावायचे, पाच मिनिटांनी परत विचारायचे. महिने उलटे म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे. एका पायावर उभं राहायचं. सरांनी शोध घेतला, तर अशा शब्दांचे ठरलेले काही संच असतात. बस्स, मग काय पाहिजे? सरांनी सगळे संच उतरवले, वर पदरचे तीस घातले, आणि सकाळ-संध्याकाळ लेकीची तयारी सुरू केली.

“विहीर, चमचा, घोडा, पडदा, लिंबू...”

“पप्पा, डोकं दुखतंय.”

“दुखू दे थोडं. डोकं दुखतं का असं विचारलं तर काय म्हणायचं?”

“नाही म्हणायचं.”

“शाब्बास. उजेडाचा त्रास?”

“नाही.”

सृष्टीची आई आरती एकदा दारात येऊन म्हणाली, “अहो, तिला झोपू द्या म्हणाल्यात ना डॉक्टर?” सर म्हणाले, “तुला परीक्षेतलं काय कळतं?” आरती स्वयंपाकघरात निघून गेली. खरं सांगायचं तर सरांना ह्यात लेकीचं वाईट करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. पोरगी पास होत नसेल तर तिच्याकडून घोकून घ्यायचं. दुसरं प्रेम त्यांना येतच नव्हतं.

शुक्रवारी नांदेडला चाचणी झाली. सृष्टीनं दहाच्या दहा शब्द म्हटले, पाच मिनिटांनी परत दहाच्या दहा. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने घडाघडा. डॉक्टर मुग्धांच्या भुवया वर गेल्या. “छानच की! सावकाश सराव कर. दोन दिवस काही त्रास झाला नाही तर रविवारी खेळ.”

बापलेक खाली उतरले तेव्हा सरांचा चेहरा निकालाच्या दिवशी फुलतो तसा फुलला होता. जाता जाता वसतिगृहातून बूट आणि गुडघ्याचे पट्टे घ्यायचे होते. ऑटो करून दोघं गेले. मुलींच्या वसतिगृहात बापाला आत सोडत नाहीत, म्हणून सर फाटकाशी चहा घेत थांबले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन केला तर म्हणाली, “येतेय.” अर्धा तास झाला. शेवटी वसतिगृहाच्या रेक्टर बाई तिला हाताला धरून घेऊन आल्या.

“सर, ही तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच मुलीच्या कुलपाला किल्ली लावत उभी होती. रडत होती. हिची खोली पहिल्या मजल्यावर आहे. दोन वर्षं तिथंच राहते.”

बाई गेल्यावर सृष्टीला आवरेना. “पप्पा, मला खोली सापडेना. सगळी दारं सारखीच दिसायला लागली. तुमचे शब्द मला सगळे येतात, बघा. विहीर, चमचा, घोडा. पण खोली सापडेना. डोकं तर रोजच दुखतंय, पप्पा. तुम्हीच म्हणालात, नाही म्हणायचं.” आणि लगेच तिनं बापाचा हात धरला. “पण डॉक्टरांना सांगू नका हं. रविवार होऊ द्या. मग मी झोपते महिनाभर.”

सरांच्या डोळ्यांपुढं सृष्टी नव्हतीच. त्यांच्या डोळ्यांपुढं बसअण्णा होता, मुरुडच्या माजघरात सतरंजीवर बसलेला, आणि समोर एकोणीस वर्षांचे ते स्वतः. पोरगी बघायला जायच्या आधीचे आठ दिवस. “अण्णा, नाव काय? शिक्षण किती? शेत किती?” अण्णा चुकला की परत पहिल्यापासून. आठ दिवसांत अण्णाला सगळं पाठ झालं होतं आणि वडिलांनी उमाशंकरच्या पाठीवर थाप मारली होती. आयुष्यात त्यांनी घेतलेली पहिली शिकवणी ती. पहिला पोरगा पास झाला तो भाऊ.

“चल,” सर म्हणाले.

“कुठं?”

“परत. डॉक्टरांकडं.”

ऑटोत सृष्टी त्यांच्याशी भांडली, रडली, हात सोडवून घेतला. पण सर गेले आणि डॉक्टर बाईंपुढं त्यांनी सगळे संच उतरवलेली वही ठेवली. डॉक्टर मुग्धांनी ती वही शेवटच्या पानापर्यंत चाळली.

“रविवार विसरा,” त्या म्हणाल्या. “हे ठीक. पण पुढचं काय? सहा आठवड्यांनी विद्यापीठाच्या संघाचं शिबिर आहे, तोवर हिची डोकेदुखी थांबेलसुद्धा. मग मी हिला थांबवू कशाच्या जोरावर?”

“घरात आहे एक,” सर म्हणाले. “माझा थोरला भाऊ. फॉर्मवर मी खोटं लिहिलं.”

“घेऊन या त्यांना. त्यांच्याबद्दल नीट सांगू शकेल असं कुणीतरीही आणा.”

नीट सांगू शकेल असं एकच माणूस होतं. मंगळवारी गिरणी बंद ठेवून गौरम्मा नवऱ्याला घेऊन नांदेडला आली. बसअण्णाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, भांग पाडलेला. तो खुशीत होता. त्यानं सृष्टीला तीनदा विचारलं, “कितवीला हाईस, माय?” आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, “कॉलेजात, मोठे बाबा.” डॉक्टरांच्या दाराशी गौरम्मा थबकली. “तुमी व्हा म्होरं. म्या येते मागून.”

सगळे बसल्यावर डॉक्टरांनी एक कागद काढला. “सृष्टीचा अहवाल आलाय. त्या जनुकाचा तो प्रकार हिच्यात एका बाजूनं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून, आलेला आहे. घाबरू नका. चारपाच माणसांमागे एकात तो असतो आणि बहुतेकांना कधी कळतसुद्धा नाही. नुसत्या ह्या कागदावर मी कुणाचा खेळ थांबवणार नाही. पण हा कागद, आणि वर घरात तसंच घडलेलं असेल, तर मी धोका पत्करणार नाही. म्हणून काकांचं सांगा. डोक्याला मार कधी लागला?”

सृष्टी खुर्चीतून पुढं झाली. “मोठ्या बाबांना मार लागलेलाच नाही! त्यांना ऊन लागलं होतं. पप्पांना उगंच काहीतरी वाटतंय. मोठी आई, सांग ना तू.”

“हाव, माय,” गौरम्मा म्हणाली. “मार बीर न्हाई, बाई. लगीन एप्रिलातलं. लई ऊन. मांडवात त्येनला ऊन लागलं न् डोस्कं गेलं. लगीन व्हायच्या आधी लई झ्याक हुते म्हणत्यात समदे. माझा पायगुण, दुसरं काय.” आपल्या गावाचं नाव सांगावं तसं तिनं ते सांगितलं. बसअण्णानं मान डोलावली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग हे वेगळं झालं. उन्हाचा झटका मला ह्यात धरता येणार नाही. सर, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.”

“म्हणजे मी शिबिराला जाणार!” सृष्टी म्हणाली.

सरांनी नुसतं गप्प बसायचं होतं. आईवडील गेले, बहिणी आपापल्या घरी नांदतायत, मूठ इतकी वर्षं झाकलेली. आता ती उघडून भावाला काय मिळणार होतं? आणि ज्या बाईनं त्यांच्या लेकीला मांडीवर वाढवलं, जी त्यांना आजही पहिल्या पेटीचे आंबे धाडायची, तिच्या तोंडावर हे बोलायचं कुठल्या तोंडानं? पण सृष्टीच्या कानशिलावर अजून पिवळा डाग होता. सहा आठवड्यांत तोही जाईल आणि पोरगी मॅटवर उभी राहील, हे सरांना स्वच्छ दिसत होतं.

“वहिनी,” ते म्हणाले. “ऊन नव्हतं लागलं.”

गौरम्मानं त्यांच्याकडं बघितलं.

“कुस्तीत पडला होता अण्णा. लग्नाच्या सात महिने आधी. डोक्यावर. आठ दिवस बोलत नव्हता. मग अप्पांनी चार महिन्यांत परत उतरवला, तेव्हा दुसरा मार लागला, आणि तेव्हापासून तो असा आहे. लग्नात असाच होता. तुम्हांला दाखवायला आणला तेव्हाही असाच होता. आम्हांला सगळ्यांना माहीत होतं.”

गौरम्मा हळूच म्हणाली, “असं कसं म्हणता, भावजी? बघाया आले तवा बोलले की. नाव सांगितलं. शेत सांगितलं. समदं बराबर सांगितलं.”

“मी पाठ करून घेतलं होतं. आठ दिवस.”

“माझ्या काकानं इचारलं, सकाळी काय जेवलाव? तवा हे तुमच्या तोंडाकडं बघाया लागले.”

“ते आम्ही घेतलंच नव्हतं,” सर म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना स्वतःची शरम वाटली. “म्हणून मीच बोललो. म्हणालो, अण्णा लाजतोय.”

“हाव. लाजतोय म्हणलाव.” गौरम्मानं पदर तोंडाला लावला. “म्या दाराआड हुते. मला वाटलं, एवढा मोठा पैलवान, न् किती लाजरा मानूस हाय. म्हून म्या हो म्हणले. आमच्या अव्वानं, आईनं, इचारलं हुतं मला, हो म्हणू का? म्या म्हणले, म्हण.”

सृष्टी तोंडावर हात ठेवून बसली होती. बसअण्णाला बायको रडतेय एवढं कळलं. तो तिच्या दंडावर थोपटायला लागला, “उगी, उगी,” आणि ती रडायची थांबली. थांबावंच लागलं, नाहीतर तो घाबरला असता.

“म्हंजी माझा पायगुण न्हवता,” ती म्हणाली. कुणाला विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

“नव्हता, वहिनी.”

“सासूबाई मरताना म्या पाणी पाजाया गेले. तर त्येंनी तोंड फिरिवलं. त्येंनला बी ठावं हुतं?”

सरांनी खाली मान घातली. तिला ते उत्तर पुरलं. ती सरांकडं परत वळली नाही, डॉक्टरांकडं वळली.

“बाई, म्या अडाणी हाय. एक सांगा. पैल्या बारीला पडल्यावर ह्येनला किती दिस घरात ठिवलं असतं, म्हंजी हे बरे झाले असते?”

“आता ते कुणी छातीठोक सांगू शकणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण एखादं वर्ष मातीपासून लांब ठेवलं असतं, तर बरे व्हायची पुष्कळ शक्यता होती.”

“वरीस,” गौरम्मा म्हणाली. तिनं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. “एक वरीस द्यायचं हुतं, भावजी. एवढी चार मानसं घरात, पर कुणाच्यानं दिलं न्हाई. मंग म्या अठ्ठावीस दिली.”

सरांना वाटलं आपण काहीतरी बोलावं, पाय धरावेत. पण त्यांना शिकवायला येत होतं, माफी मागायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

सृष्टी उठली. बापाच्या अंगावरून पुढं गेली आणि मोठ्या आईच्या पायाशी फरशीवरच बसली. शिबिराचं पत्र तिच्या बॅगेतच होतं. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज स्पष्ट होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “माझं वर्ष लिहा. पूर्ण लिहा.”

डॉक्टरांनी फॉर्म जवळ ओढला आणि आधीचं ‘नाही’ खोडून लिहायला सुरुवात केली.